कवटीवरच्या ‘लीजन’ला काय म्हणाल?

शब्दवेडी: बालाथळच्या सांगाड्यावरचा लेख मराठीत आणतेय. उदयपूरजवळचं गाव, सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा पुरुष. त्याला कुष्ठरोग असल्याचं निदान २००९मध्ये प्रसिद्ध झालं. कवटीत नाकाच्या भोकाची कड झिजलेली, वरच्या जबड्याचं हाड दातांपाशी विरलेलं. या सगळ्याला मूळ इंग्रजी लेखात ‘लीजन’ (lesion), म्हणजे रोगाने किंवा इजेने शरीरात झालेला बदल. मी ‘व्रण’ लिहिलं, तर संपादक म्हणतात व्रण म्हणजे भरलेल्या जखमेची खूण. आता?

काढेवाला: संपादकांना सुश्रुत दाखवा. तिथे व्रण म्हणजे उघडी जखमच. खुणेला ‘व्रणवस्तु’.

पाटीपेन्सिल: त्याच सुश्रुतात व्युत्पत्ती आहे ना, की भरल्यावरही खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून व्रण! आणि वाचकाला ‘कपाळावर व्रण’ म्हटलं की उंबऱ्यावर आपटलेलं पोरच दिसणार. सरळ ‘जखम’ लिहा.

हाडवैरी: जखम नको. जखम म्हटलं की कुणीतरी मारलं. पेरूतल्या कुस्कोची ती चौकोनी भोकाची कवटी, ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६७मध्ये चर्चेत आणलेली, तिथे हत्यार चाललंय हे दिसतं. बालाथळला हाड रोगाने खाल्लंय. डोळ्याच्या खोबणीच्या छताला बारीक भोकं पडतात, त्यांचं लॅटिन नाव नुसतं ‘चाळण्या’ अशा अर्थाचं. लोह कमी पडल्याने की आणखी कशाने, हा वाद अजून चालूय, पण नाव टिकलं, कारण ते दिसतं तेवढंच सांगतं. मी ‘हाडातला बिघाड’ म्हणेन.

काढेवाला: बिघाड मिक्सरमध्ये होतो.

गोळीपाणी: कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात आम्ही वीस वर्षं ‘चट्टा’ म्हणालो. चट्टा दाखवा, खाजतो का, पीस फिरवलेलं कळतं का. पण हाडाला चट्टा कसा म्हणायचा, ते मलाही जमत नाही.

माजघर: आजीच्या नडगीतून वर्षानुवर्षं पू यायचा, घरात सगळे त्याला ‘हाड्याव्रण’ म्हणत.

शब्दवेडी: या माणसाच्या नडगीच्या हाडावरही संसर्गाच्या खुणा आहेत! पण नाकाच्या कडेला हाड्याव्रण म्हणू का? हिंदीतला ‘विक्षत’ उचलू?

पाटीपेन्सिल: विक्षत! त्यापेक्षा लीजनच ठेवा, डॉक्टर तेच म्हणतात. बाकी, ‘कवटी’ कवठावरून आली, हे कुणी बोललं नाही अजून.

हाडवैरी: कशावरून? गोल आणि टणक, एवढ्यावरून?

माजघर: कवठ कशाला, करवंटी बघा. आमच्याकडे नारळाचीसुद्धा कवटीच म्हणतात.

शब्दवेडी: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय हो.

काढेवाला: नारळाची करवंटीच. कवटी कोण म्हणतं? गाव कुठलं तुमचं?