सिक्सलाइन रॅसची दादागिरी: कोणाला काढू, पुढे कोणाला आणू?

नीलकपार

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या मारामारीवर सल्ला हवा आहे.

टँक साडेतीन फूट लांब, पाणी अंदाजे २०० लिटर. मधोमध लाइव्ह रॉकचा (जिवाणू वस्तीला असलेल्या समुद्री खडकाचा) एकच मोठा ढीग, त्यावर थोडे मऊ प्रवाळ. मासे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने सांगते: ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, यलोटेल डॅमसेल, सिक्सलाइन रॅस, रॉयल ग्रामा आणि आत्ता शेवटी फायरफिश.

ग्रामा आला तेव्हाही रॅसने त्याला पिटाळलं होतं. पण त्याने एक कपार धरली, तिच्या तोंडाशी जबडा वासून उभा राहिला आणि प्रकरण तिथेच मिटलं. फायरफिशचं तसं होत नाहीये. तो जरा पुढे सरकला की रॅस अंगावर जाते. पाठीवरचा उंच पर टोकाला फाटलाय. सध्या तो रिटर्न पाइपच्या (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या नळीच्या) मागे, वरच्या कोपऱ्यात तरंगत असतो. डॅमसेल मधूनच डिवचतो, क्लाउन मात्र आपल्या कोपऱ्यापाशी कोणी गेलं तरच उठतात.

रॅस काढावीच लागेल, की थोडी वाट पाहू? आणि पुढे कोणते मासे चालतील? यलो टँग फार मनात आहे. कोणाबरोबर कोण राहतं याचे तक्ते पाहिले, पण एकात सिक्सलाइन 'शांत' लिहिली आहे, दुसऱ्यात 'जपून'. काही उलगडा होईना.

भरतीओहोटी

फायरफिश खातोय का? आणि श्वास कसा चालू आहे? आधी एवढं सांगा, बाकीचं नंतर ठरवता येईल.

नीलकपार

मायसिसचा (खाऊ म्हणून टाकतो त्या कोळंबीसारख्या बारीक जिवाचा) तुकडा अगदी तोंडासमोरून गेला तर एखादा घेतो, त्यासाठी पुढे येत नाही. कल्ले बाकीच्या माशांपेक्षा जोरात हलतात. पाणी तपासलं: अमोनिया, नायट्राइट शून्य, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५.

प्रवाळवेडा

मग वाट पाहू नका. आज रात्रीच त्याला संरक्षण द्या. मासा खातो की नाही, याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. दोन मासे पर फुलवून शेजारी-शेजारी ताठ उभे राहतात, एकमेकांना शेपटीने पाण्याचा मारा देतात, त्याला मी भांडण म्हणत नाही. ती हद्द ठरवण्याची बोलणी असतात आणि बहुतेक वेळा दोघं धडधाकट राहतात. पण एक जण सतत पाठलाग करतोय, दुसरा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात अडकलाय, पर फाटलेत, धाप लागलीय, तेव्हा बोलणी संपलेली असतात. अशा ताणाखालच्या माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, लवकर गाठतो. मग प्रश्न एका माशाचा उरत नाही.

पारदर्शक, भोकं पाडलेला अॅक्लिमेशन बॉक्स (नव्या माशाला रुळवण्याची पेटी) टँकच्या आतल्या बाजूला अडकवा आणि फायरफिश त्यात ठेवा. आत पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा टाका, कारण या माशाला शिरायला भोक नसेल तर तो स्वस्थ बसत नाही. वरून झाकण पक्कं हवं. घाबरलेला फायरफिश उडी मारतो आणि बोटभर फटीतूनही बाहेर पडतो. टँकलाही बारीक जाळी नसेल तर आधी ती लावा.

आता तुमच्या तक्त्यांबद्दल. ते खोटे नसतात, पण 'ही जात त्या जातीबरोबर' एवढंच ते सांगू शकतात. कोण आधी आलं, खडक कसा रचलाय, लपायला किती जागा आहे, मासा पोर आहे की वयात आलाय, यातलं त्यांना काही ठाऊक नसतं. सिक्सलाइन लहान असताना खरोखर गोड असते. दिवसभर कपारींतून कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरते. वयात आली की तिला सगळा खडकच आपला वाटू लागतो. तुमचा ढीग एकच आहे, म्हणजे तिच्या लेखी टँकमध्ये एकच वाडा आणि त्याची मालकीण ती.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने प्रवाळातल्या माशांच्या भांडखोरपणाचा विचार केला होता. त्याचं म्हणणं असं की हे भडक, जाहिरातीच्या फलकासारखे रंग म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या माशाला दिलेला इशारा: ही जागा माझी. प्रत्येक रंगीत माशाला हे लागू पडत नाही, पण टँकवाल्यांसाठी त्यात मोठा धडा आहे. पहिला शत्रू स्वतःच्या जातीचा. त्यानंतर सारखा आकार, सारखा रंग किंवा सारखं खाणं असलेला. समुद्रात हरलेला मासा चार-पाच मीटर पळाला की सुटतो. साडेतीन फुटांत तो पळून जाणार कुठे? समुद्रात जी चकमक काही क्षणांत संपते तीच टँकमध्ये रोज, दिवसभर चालते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रॅस काढा. ती दुष्ट आहे म्हणून नाही, तुमच्या टँकच्या मापात तिला हवी तेवढी हद्द आणि बाकीच्यांना श्वास दोन्ही मावत नाहीत म्हणून.

शिंपला

मी थोडा वेगळा विचार मांडतो. काढण्याआधी आरसा लावून पाहा. बाहेरून काचेला आरसा टेकवला की दादा मासा आपल्याच प्रतिबिंबाशी लढत बसतो आणि नव्या माशाला स्थिरावायला वेळ मिळतो. टँग आणि डॅमसेल यांच्याबाबतीत हे उपयोगी पडलेलं पाहिलंय. सोबत खडकाची रचनाही बदला. जुन्या खुणा पुसल्या की सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागते आणि जुन्या मालकाचा हक्क सैल होतो.

प्रवाळवेडा

खडक हलवण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. आरशाबद्दल मात्र या ठिकाणी मला शंका आहे. आपल्यासारखा दिसणारा प्रतिस्पर्धी ज्याला खुपतो त्याच्यासाठी आरसा चांगला. ही रॅस फायरफिशच्या मागे लागलीय आणि तो तिच्यासारखा अजिबात दिसत नाही. तिचा राग 'नवा आणि भित्रा' या गोष्टीवर आहे. आरसा तिला थोडा वेळ गुंतवेल, तो काढला की गाडी पुन्हा तिथेच. तरी करून पाहायला नुकसान नाही, फक्त फायरफिश तोवर बॉक्समध्येच असू द्या.

नीलकपार

दोघांचे मनापासून आभार. फायरफिश बॉक्समध्ये गेला. रॅस बॉक्सभोवती घिरट्या घालते, डॅमसेलचा मात्र रस लगेच संपला. समजा काढायचीच ठरली, तर तिला पकडायचं कसं? जाळी दिसली की ती खडकात गडप होते.

भरतीओहोटी

जाळीने दिवसा पाठलाग करू नका, सगळा टँक हादरतो आणि मासा काही हाती लागत नाही. पारदर्शक सापळा ठेवा, म्हणजे एका बाजूला दार असलेला अॅक्रिलिकचा डबा. पहिले काही दिवस दार उघडंच राहू द्या आणि आत थोडं खाणं टाकत जा. ती निर्धास्तपणे आत जायला लागली की दोरा ओढून दार बंद. घाई केली आणि ती एकदा निसटली, तर पुन्हा महिनोन् महिने त्या डब्याकडे फिरकणार नाही.

सिक्सलाइन रात्री वाळूत शिरत नाही, खडकाच्या फटीत स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष विणून झोपते. दिवे गेल्यावर लाल टॉर्चने तिची जागा हेरून ठेवा. तो दगड हाताएवढा सुटा असेल तर दगडासकट उचलून बादलीत घेणं सगळ्यात सोपं.

आणि तिच्यासाठी घर आधी शोधा, मग पकडा. मोठा टँक, तिच्यापेक्षा आकाराने मोठे आणि धीट सोबती, आणि ती तिथे शेवटी जाणारी, असं असेल तर ती उत्तम मासा आहे.

काचघर

या धाग्यातच विचारतो, चालेल ना? माझा टँक याच मापाचा आहे. ड्वार्फ लायनफिश शांत असतो असं ऐकलंय. क्लाउन आणि कार्डिनलबरोबर ठेवू का?

प्रवाळवेडा

शांत आहे हे खरं. तो कोणाचा पाठलाग करणार नाही, कोणाची जागा बळकावणार नाही. तोंडात मावेल तो मासा गिळेल, एवढंच. हद्दीसाठी मारणारा मासा आणि भूक लागली म्हणून खाणारा मासा यांत गल्लत झाली की टँक रिकामा होतो. कपारी, पाइप, बॉक्स असे जे उपाय आपण वर बोललो ते पहिल्याला लागू पडतात, दुसऱ्याला त्यातला एकही नाही. लायनफिशचं तोंड उघडल्यावर दिसतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं. कोळंब्याही जातील. शिवाय पाठीवरचे काटे विषारी, हात घालताना प्रत्येक वेळी भान ठेवावं लागेल. कोळंब्या पाळायच्या असतील तर हॉकफिशच्या बाबतीतही हाच विचार करा.

शिंपला

मूळ प्रश्नाकडे येतो. नीलकपार, यलो टँगचा विचार या टँकसाठी सोडा असं कळकळीने सांगतो. तो २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर खडकावरून चरत लांबवर फिरणारा मासा आहे. चार फुटांपेक्षा कमी लांबीत तो कोंडल्यासारखा होतो आणि मग त्याचा चिडचिडेपणा इतरांवर निघतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना त्याला धारदार काटा असतो, एका फटकाऱ्यात दुसऱ्या माशाचं अंग चिरतं. 'लहान आणते, मोठा झाला की देऊन टाकेन' हा बेत कागदावर ठीक, पण त्या वेळेपर्यंत टँकचा मालक तो झालेला असतो. खडकावरच्या शेवाळासाठीच हवा असेल तर टेलस्पॉट ब्लेनी पाहा, सहाएक सेंटीमीटरचा, बोलक्या चेहऱ्याचा मासा. ब्लेनी मात्र एकच ठेवा.

नीलकपार

टँग रद्द. वाईट वाटलं, पण पटलं. मग रॅस गेल्यावर कोण, आणि कोणत्या क्रमाने?

प्रवाळवेडा

क्रमाचं सूत्र: सगळ्यात भित्रा आधी, सगळ्यात हट्टी शेवटी. तुमच्याकडे डॅमसेल आणि क्लाउन आधीच बसलेत, तेव्हा ते आता उलटवता येणार नाही. पण खडकाचा तो एक ढीग मोडून दोन करता येतील, मध्ये वाळूची मोकळी पट्टी ठेवून. एका टोकाला क्लाउन, दुसऱ्या टोकाला ग्रामा, आणि एका ढिगातून दुसऱ्याकडे थेट नजर जाणार नाही अशी रचना. नजर तुटली की पाठलाग तुटतो. माझ्या मते टँकमधली निम्मी शांतता या एका गोष्टीत असते.

फायरफिश स्थिरावल्यावर वाळूच्या पट्टीत यलो वॉचमन गोबी छान जमेल, सोबत पिस्तूल कोळंबी असेल तर आणखी चांगलं. कोळंबीला नीट दिसत नाही, ती एक मिशी माशाला टेकवून बीळ खणत राहते आणि धोका दिसला की गोबी शेपटी हलवून तिला इशारा देतो. ही जोडी पाहत बसावी अशी आहे, आणि तळाशी राहत असल्याने वरच्या कोणाच्या वाटेला जात नाही.

मधल्या थरासाठी पजामा कार्डिनल, तीन घेतले तरी सहसा निभावतात. बांगाई कार्डिनल दिसायला जास्त देखणा, नर अंडी तोंडात सांभाळतो, पण त्याचा गट आणलात तर जोडी जमताच ती जोडी बाकीच्यांना संपवते. घेतलाच तर जमलेली जोडी घ्या, आणि टँकमध्येच वाढवलेली, कारण हा मासा मुळात इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासच सापडतो आणि पकडून-पकडून कमी झालाय. हिरव्या क्रोमिसचा थवा सगळ्यांना भुरळ घालतो. लहान टँकमध्ये तो एकेक करत घटतो, शेवटी एकच उरतो. मी सुचवणार नाही.

रॉयल डॉटीबॅक कुठे दिसला तर घेऊ नका. रंग जवळजवळ तुमच्या ग्रामासारखाच, पुढे जांभळा मागे पिवळा, आणि स्वभावाने कितीतरी तिखट. ग्रामाला तो जगू देणार नाही.

भरतीओहोटी

एक भर घालतो. क्लाउनची जोडी अंडी घालायला लागली की मादी आत्तापेक्षा खूप कडक होईल. टँक साफ करताना हातालाही चावते. जोडीतला मोठा मासा म्हणजे मादी, सत्ता तिची. तेव्हा त्या कोपऱ्यापासून नव्या माशांच्या जागा आत्तापासूनच दूर योजा. अंडी सात-आठ दिवसांत फुटतात, तोवर त्या बाजूला नवा मासा सोडू नका.

नवा मासा सोडाल तो दिवे बंद करून, आणि त्याआधी सगळ्यांचं पोट भरून. खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाकलं की दादा मासा दोन्हीकडे पहारा देऊ शकत नाही. आणि क्वारंटाइन, म्हणजे नव्या माशाला आधी काही दिवस वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, चुकवू नका. तिथे नवा मासा निवांत खायला शिकतो, अंग धरतो. असा मासा टँकमध्ये उतरल्यावर सहसा दबत नाही.

नीलकपार

रॅस सापळ्यात आली. एका मोठ्या टँकवाल्या मित्राकडे गेली, तिथे ट्रिगरफिश आणि मोठे टँग आहेत. खडकाचे दोन ढीग केले. फायरफिशला बॉक्समधून सोडलं. त्याने डावीकडच्या ढिगाखालचं भोक धरलंय आणि प्रवाहाकडे तोंड करून त्यावर तरंगतो, मायसिस पुढे येऊन घेतो. डॅमसेलने एकदा हूल दिली, नंतर नाही.

आता शेवटचा प्रश्न. फायरफिशला सोबत म्हणून दुसरा आणू का? चित्रांत ते नेहमी जोडीने दिसतात.

प्रवाळवेडा

नको. बाहेरून नर-मादी ओळखता येत नाहीत. न जमलेले दोन फायरफिश एकत्र आले तर बलवान दुसऱ्याला भोकात शिरू देत नाही आणि काही दिवसांत एकच उरतो. एकाच भोकात दोघं शिरतात असं विक्रेत्याकडे स्वतः डोळ्यांनी पाहिलं आणि तेच दोघं एकत्र मिळाले, तरच जोडीचा विचार. तुमच्याकडे एक आधीच बसलाय, तेव्हा त्याला एकटाच राहू द्या. गोबी क्वारंटाइनमध्ये टाका, पुढचा मासा तोच.