आत्याने पाठवलेलं कात्रण

आबा: पुण्याहून आत्याने कात्रण पाठवलंय. आपल्या इंदूरच्या भारत-इंग्लंड महिला क्रिकेट सामन्याचं. मथळा ‘रणरागिणींची झुंज अपयशी’. तीन परिच्छेद रणांगण आणि अश्रू. भारत 4 धावांनी हरला, हे चौथ्यात! धावसंख्या पहिल्या परिच्छेदात हवी.

ताई: आबा, आपण होळकर स्टेडियममध्येच होतो की त्या दिवशी.

आबा: म्हणूनच राग येतोय. जिंकायला 289 हवे होते, 284 वर थांबलो. स्मृती 88 वर बाद झाली आणि हातातला सामना फिरला. तो कसा फिरला, यावर एक ओळ नाही.

धाकटे काका: हिंदी पेपर वाचा ना आबा.

मोठी काकू: त्यात ‘शेरनियां’ असतात, भाऊजी. आणि त्या पेपरचं बिल दोन महिने मीच भरतेय.

धाकटे काका: वहिनी, हा विषय इथे नको. घरी बोलू.

दादा: तेवढ्या पैशात सराफा बाजारात सगळ्यांचे तळलेले गराडू झाले असते भिया 😄

आबा: विषय बदलू नका. धावसंख्या पहिल्या परिच्छेदात हवी.

दादा: पण आबा, स्कोअर रात्रीच मोबाइलवर कळतो. पेपरवाले भावनाच लिहिणार ना?

आबा: स्कोअर कळतो रे, खेळ नाही कळत. दीप्तीने 51 धावांत 4 बळी घेतले, वर 50 धावा केल्या. तिला अर्धी ओळ! आणि हे वाक्य वाच: ‘हरमनप्रीतने स्मृतीला साथ देताना ती 70 धावांवर बाद झाली.’ ती कोण? 70 हरमनप्रीतच्या. वाचणाऱ्याला वाटेल स्मृतीच्या.

ताई: मला वेगळंच खटकतं. याच मैदानावर 2011 मध्ये सेहवागने 219 केल्या, तेव्हा चौकार-षटकार मोजून छापले होते. मुली खेळल्या की नुसत्या ‘लेकी’ आणि ‘वाघिणी’. लेकी म्हणा खुशाल, पण लेक कोणत्या चेंडूवर चुकली तेही सांगा.

मोठी काकू: अगदी बरोबर बोललीस.

धाकटे काका: एवढं वाटतंय तर संपादकांना पत्र लिहा. इथे लिहून काय होणार?

आबा: लिहितोय. धावसंख्या पहिल्या परिच्छेदात हवी, हा मुद्दा वर.

ताई: त्याखाली माझा. सही मीपण करणार.

धाकटे काका: माझंही नाव घाला. वहिनी, पेपरवाल्याला आत्ताच पैसे पाठवले.

मोठी काकू: दोन्ही महिन्यांचे?