अफूचे पहिले युद्ध चीनच्या बंद दारांमुळे झाले का?

चर्चाप्रस्ताव:
या युद्धाचा (१८३९-४२) सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारणे मला अपुरे वाटते. चीनवर राज्य करणाऱ्या चिंग घराण्याच्या दरबाराने १७५७ पासून पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या कँटन (आजचे ग्वांगझू) बंदरात कोंडला, आणि १७९३ मध्ये मॅकार्टनी हा इंग्रज राजदूत आणखी बंदरे व पेकिंगमध्ये कायमचा वकील मागायला आला, तेव्हा आपल्याकडे कशाचीच वानवा नसल्याचे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला कळवून चिएनलुंग सम्राटाने सर्व मागण्या फेटाळल्या. बोलणीच नाकारल्यावर भांडण शस्त्रांकडे वळणारच.

प्रतिसाद १:
‘बंद चीन’ हे चित्रच मला मान्य नाही. कांग्शी सम्राटाने १६८४ मध्ये सागरी व्यापार खुला केला होता, आणि १६८९ मध्ये रशियाशी झालेल्या नेर्चिन्स्कच्या तहात त्याच्या दरबारातले जेझुइट पाद्री दुभाष्याचे काम करत होते. कँटनमधून चहाची जहाजे भरभरून जातच होती. इंग्रजांना सलत होते ते त्या चहापोटी मोजावी लागणारी चांदी. ती वाचवण्यासाठी त्यांनी हिंदुस्थानातली अफू पुढे केली, जिच्या विक्रीवर चीनमध्ये १७२९ पासून बंदी होती. अफू रोखण्यासाठी सम्राटाने पाठवलेला अधिकारी लिन झेशू याने १८३९ मध्ये अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या कँटनजवळच्या हूमेन येथे मीठ आणि चुना घालून नष्ट केल्या, तो स्वतःच्या देशाचा कायदाच पाळत होता. खुद्द ब्रिटिश संसदेत सरकारच्या चीनविषयक धोरणावरचा निषेधाचा ठराव १८४० मध्ये अवघ्या ९ मतांनी पडला.

प्रतिसाद २:
यात आपला वाटाही सांगितला पाहिजे. होळकर-शिंद्यांच्या माळव्यातली अफू मुंबई आणि दमणमार्गे चीनला जाई, आणि हे युद्ध संपवणारा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते मुंबईच्याच गोदीत सागवानातून बांधलेले होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात मोठी संपत्ती मिळवली, ज्यात अफूही होती. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आपण आजही वापरतो.

प्रस्तावकर्ता:
अफूचे पाप मी नाकारत नाही. पण १८३४ मध्ये ब्रिटिश व्यापाराचा अधीक्षक नेपियर याने कँटनच्या सुभेदाराला थेट पत्र देऊ केले, तर तेही स्वीकारले गेले नाही. तक्रार सांगायलाच जागा नसेल, तर अफू नसतानाही कधीतरी ठिणगी पडलीच असती.

प्रतिसाद १:
मग तहाचा हिशेब पाहा. चीनकडून २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर वसूल करायचे ठरले आणि त्यातले ६० लाख नष्ट झालेल्या अफूच्या किमतीपोटी होते. लढाई केवळ दार उघडण्यासाठी असती, तर बंदी घातलेल्या मालाची भरपाई त्यात कशाला आली असती?