नको असलेले मार्केटिंग कॉल : तुमच्याकडे कशाने कमी झाले?

आमच्याकडे लँडलाइन अजून आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी रिंग वाजली की भिंतीला धरत धरत हॉलपर्यंत येतात, आणि पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज फ्लॅट विकत असतो. उचलू नका म्हटलं तर म्हणतात, लेकीचा असला तर? फार जीव तुटतो बघून. कुणाला कशाने खरंच फरक पडला ते सविस्तर लिहा प्लीज. नुसतं ब्लॉक करा नको, रोज नवा नंबर असतो.

---

डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत अशी नोंदणी, केलंय का? लँडलाइन असेल तर त्याच फोनवरून १९०९ लावायचा, मोबाईलवरून १९०९ ला 'स्टार्ट ०' असा मेसेज इंग्रजीत टाकायचा. शून्य म्हणजे सगळंच बंद, नाहीतर बँकिंग, प्रॉपर्टी, शिक्षण, आरोग्य असे प्रकार निवडता येतात. ओटीपी आणि खात्याचे मेसेज येत राहतात, ते बंद होतील या भीतीने माझी आई कित्येक दिवस करू देत नव्हती.

---

वरच्या प्रतिसादात एक भर. डीएनडी करून गप्प बसलं तर काम अर्धंच होतं, तक्रार करायलाच हवी. नोंदणी केलेले टेलिमार्केटर १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करतात, पण मला जास्त त्रास साध्या दहा आकडी मोबाईल नंबरांचा होता, कुठल्यातरी प्रोजेक्टचे एजंट, संध्याकाळी जेवायला बसलं की हमखास. मग ट्रायचं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, डीएनडी ॲप घेतलं, कॉल आला की तिथल्या तिथे नंबर, तारीख आणि काय विकत होता ते एका ओळीत टाकायचं. फेब्रुवारी २०२५ मधल्या बदलांनी हे बरंच सोपं झालंय, तक्रारीला आधी ३ दिवस मिळायचे ते आता ७ झाले आणि अशा बिननोंदणीवाल्यांची तक्रार करायला स्वतःचं डीएनडी असायलाच हवं असंही नाही. १० दिवसांत एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध ५ तक्रारी आल्या की टेलिकॉम कंपनीला कारवाई करावी लागते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवरून करा. माझे कॉल पूर्ण थांबले नाहीत, पण जेवण शांतपणे होतं.

---

मी कॉल सेंटरला होते म्हणून सांगते. आम्ही नंबर फिरवत नव्हतो, डायलर एकदम बरेच नंबर लावतो आणि जो उचलेल तो रिकाम्या एजंटला जोडतो. एजंट रिकामा नसला तर तुम्हाला नुसती शांतता ऐकू येते, ते ब्लँक कॉल बरेचदा यातलेच. आणि "आत्ता बिझी आहे, नंतर करा" असं कधीच म्हणू नका, ते कॉलबॅक म्हणून नोंदवलं जातं आणि पुन्हा फोन येणारच. "नको आहे, यादीतून नंबर काढा" एवढं स्पष्ट बोलून ठेवून द्या. समोरच्या मुलीला टार्गेट असतं, तिच्यावर ओरडून यादी बदलत नाही.

---

माझी नाइट ड्युटी असते, दिवसा झोप. अनोळखी नंबर सरसकट सायलेंट करणं मला परवडत नाही, वॉर्डमधून कुठल्याही नंबरवरून बोलावणं येतं. फोनच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये घरचे लोक फेवरिट केलेत आणि लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजेल असं सेटिंग ठेवलंय. ज्याला खरंच गरज असते तो लगेच परत लावतो.

---

नंबर बाहेर जातो कुठून ते पण बघा. लकी ड्रॉचे फॉर्म, बिल करताना "मॅडम नंबर?", ॲपमधली बारीक अक्षरातली टिक. अशी संमती दिली असेल तर त्या कंपनीला डीएनडी आडवं येत नाही, संमती मागे घ्यावी लागते. मी बिलिंग काउंटरला नंबर सांगतच नाही, बिल कागदावर द्या म्हणते, देतात.

---

विक्री आणि फसवणूक यातला फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगा. बाबांना "तुमचं केवायसी संपलंय" म्हणून फोन आला होता, त्यांनी ओटीपी दिला नाही म्हणून निभावलं. असले कॉल डीएनडीने थांबत नाहीत, ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' नावाच्या तक्रारीच्या सोयीत टाकायचे, आणि पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बँका, विमा कंपन्यांच्या सेवा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेत, म्हणून साध्या मोबाईल नंबरवरून कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला की बाबा आता सरळ फोन ठेवतात आणि पासबुकवरच्या नंबरला स्वतः लावतात.