मदत हवी आहे : खाणीजवळ राहणाऱ्या मुलीच्या रक्तातील शिसे

आमचे घर शिसे-जस्ताच्या खाणीजवळ असून, टाकाऊ खनिजाच्या ढिगाऱ्यावरून वारा सुटला की खिडकीच्या चौकटीवर करड्या धुळीचा थर बसतो. त्याच चौकटीला धरून उभी राहणारी माझी दीड वर्षाची मुलगी नंतर ती बोटे तोंडात घालते, हे पाहून जीव कासावीस होतो. गिळलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाऊ शकते. तिच्या बोटातून घेतलेल्या रक्तात प्रति डेसिलिटर ६ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास शिशाचा स्रोत शोधून संपर्क थांबवायला हवा. मात्र बोटावरची धूळ नमुन्यात मिसळूनही आकडा वाढू शकतो, म्हणून शिरेतून रक्त घेऊन फेरतपासणी करायची आहे. ती किती दिवसांत करावी? लोहाच्या कमतरतेमुळे शिसे अधिक शोषले जाते, तर लोहाची तपासणीही सोबतच करावी का? कोरडा केर काढणे आम्ही थांबवले असून फरशी ओल्या फडक्यानेच पुसतो. परंतु अंगणातील मातीवर काय उपाय करावा, हे समजत नाही. जाणकारांनी आणि या अनुभवातून गेलेल्या पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.