वक्तृत्व स्पर्धेची भीती: प्रार्थनेचा उपयोग होतो का?

प्रश्न: स्पर्धा आठ दिवसांवर आलीय. सातवीतल्या मुलीला ३ मिनिटांचं भाषण तोंडपाठ आहे, पण वर्गासमोर दुसऱ्याच वाक्याला आवाज कापतो. रोज तिन्हीसांजेला मनापासून शुभंकरोती म्हणते. त्या श्रद्धेचा इथे आधार मिळेल का?

उत्तर १: नक्की मिळेल, पण प्रार्थना सरावाला जोडा. शुभंकरोती संपली की तिथेच समईसमोर उभं राहून भाषण म्हणू दे. दोन दिवस एकटी, मग आजी-आजोबांसमोर, मग शेजारच्या चार मुलांसमोर, शेवटी शाळेच्या सभागृहात माइकवर. भीती ओसरेपर्यंत त्याच पायरीवर थांबा. रडली म्हणून मध्येच खाली बसवलं, तर पळालं की सुटका होते एवढंच मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती वाढते.

उत्तर २: घाबरल्यावर श्वास वरच्यावर होतो, म्हणून आवाज कापतो. नाव पुकारण्याआधी ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं पाच वेळा; सोडताना मनात देवाचं नाव. सबंध भाषण घोकू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं पुसलं जातं. पहिली दोन वाक्यं आणि शेवट पाठ, मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर. पातळ कागद हातात थरथरतो, तो दिसला की मूल आणखी घाबरतं.

उत्तर ३: 'देवाला हात जोडलेस ना, मग नंबर येणारच' असं कृपया म्हणू नका. नंबर हुकला तर आपली भक्ती कमी पडली असं तिला वाटेल. मागणं एवढंच असू दे: 'उभं राहायचं बळ दे.' जेवण तुटलं किंवा शाळाच नको म्हणू लागली, तर समुपदेशकांना भेटा.