निरोगी माणसाने मेंदूच्या वार्धक्याची जनुकीय तपासणी आधीच करून घ्यावी का?

धागा : निवृत्त शिक्षिका, चिपळूण

आमच्या आईला गेली चार वर्षे स्मृतिभ्रंश आहे. यंदा गौरी-गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने थुंकीच्या नमुन्यावरून जनुके तपासणारे संच बरोबर आणले आणि आम्हा तिन्ही भावंडांनी नमुने द्यावेत, असा आग्रह धरला. माझ्या दोघा भावांची तयारी होती. मी मात्र नकार दिला. ‘शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईच विज्ञानाला घाबरतात’, असे घरात म्हटले गेले, म्हणून माझी कारणे येथे सविस्तर मांडते.

ही तपासणी मुख्यतः एपीओई या जनुकाची असते. त्याचे दोन, तीन आणि चार असे तीन प्रकार सर्वत्र आढळतात आणि प्रत्येकाला आईकडून एक व वडिलांकडून एक अशा दोन प्रती मिळतात. चौथ्या प्रकाराचा अल्झायमरशी, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या कारणाशी, असलेला संबंध १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत या प्रकाराची एक प्रत असणाऱ्यांना आजाराचा धोका सुमारे तिप्पट आणि दोन प्रती असणाऱ्यांना आठ ते बारा पट आढळला आहे. तरीही एक प्रत असणारे कितीतरी लोक अखेरपर्यंत खणखणीत राहतात आणि एकही प्रत नसणाऱ्यांना हा आजार होतो. म्हणजे हाती येते ती केवळ शक्यता, आणि तीही अशा गोष्टीची की जी बदलता येत नाही. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ साली जाहीर झाला, तेव्हा त्यांनी एवढा एकच भाग वगळायला सांगितला होता, हे मला फार बोलके वाटते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझा अहवाल माझ्या एकटीचा नसतो. माझ्यात चौथ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती निघाल्या, तर माझ्या मुलीत एक प्रत निश्चितच असणार. तिने नमुना न देताच तिचा अर्धा निकाल लागतो. आपल्याकडे अजूनही सोयरीक जुळवताना ‘घराण्यात कोणाला वेड नाही ना?’ असे हळूच विचारले जाते. अशा समाजात हा कागद कपाटात ठेवला तरी कपाटात राहत नाही. माझे मत असे की, जनुकाची असो वा रक्तातील प्रथिनांची, लक्षणे नसलेल्या माणसाने अशी तपासणी करू नये.

प्रतिसाद : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी

बाई, आपल्या लेखनात जनुकाची तपासणी आणि रक्तातील प्रथिनांसारख्या रेणूंची तपासणी यांतला फरक पुसट झाला आहे आणि त्यामुळे वाचकांचा गैरसमज होण्याची भीती वाटते. जनुक म्हणजे जन्मतः मिळालेली शक्यता. रक्तातील पी-टाऊ २१७ हे प्रथिन मात्र मेंदूत आज काय चालले आहे, याची खूण आहे. मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाची पुटे साचू लागली की टाऊ प्रथिनाचा हा बदललेला प्रकार रक्तात वाढतो, आणि ही वाढ विस्मरणाच्या कितीतरी आधी सुरू होते. चेतातंतूंची झीज झाली की न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन वाढते, मग कारण अल्झायमर असो वा दुसरे काही.

पूर्वी या गोष्टी पाहायच्या तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढावे लागे किंवा मेंदूचे महागडे पीईटी स्कॅन करावे लागे, आणि दोन्हींसाठी कोकणातल्या माणसाला मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या १,२१३ रुग्णांमध्ये रक्ताच्या चाचणीने सुमारे ९१ टक्के वेळा अचूक निदान केले. प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे निदान ६१ टक्के आणि तज्ज्ञांचे ७३ टक्के वेळा बरोबर आले. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण म्हाताऱ्यांच्या विस्मरणाकडे काणाडोळा करतो आणि तपासणीची वेळ घालवतो. त्यात जाणत्या लोकांनीच ‘करू नका’ असे लिहिले, तर लोक जी तपासणी खरोखर हवी तीही टाळतील.

प्रतिसाद : आंबा बागायतदार, देवगड

माझा बाईंच्या मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. माझे वडील गेले तेव्हा बहात्तर वर्षांचे होते, आणि शेवटच्या सहा वर्षांतील पहिली तीन वर्षे आम्हाला काहीच कळले नाही. त्याच काळात त्यांनी सामायिक सातबाऱ्यातील कलमांच्या बागेबाबत दोन कागदांवर सह्या केल्या. सही त्यांचीच होती, अक्षर वळणदार होते, पण आपण कशावर सही करत आहोत हे त्यांना समजत नव्हते. त्या दोन सह्या निस्तरण्यात माझी आणि बहिणीची पाच वर्षे गेली.

मी आज एकावन्न वर्षांचा आहे. माझा धोका इतरांहून अधिक आहे, हे मला कळले तर मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, बागेचा कारभार कोणाकडे जाईल याची व्यवस्था मी पंचावन्नच्या आत लावीन. जनुक बदलत नाही हे मान्य, पण कागदपत्रे बदलता येतात. माहितीने माणूस खचतो, हे गृहीतही तपासून पाहिलेले आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या १६२ प्रौढ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपला एपीओई प्रकार कळलेल्यांमध्ये वर्षभरात चिंता किंवा नैराश्य न कळलेल्यांपेक्षा लक्षणीय वाढले नाही. मग माझ्याबद्दलची माहिती माझ्यापासून राखून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

धागाकर्तीचे उत्तर

आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. मात्र त्या अभ्यासातील लोकांना निकाल देण्याआधी आणि नंतर प्रशिक्षित समुपदेशक भेटले होते. आमच्या घरी आलेल्या संचाबरोबर फक्त एक घडीपत्रक होते. शिवाय २०१४ सालचा एक अभ्यास असे सांगतो की, चौथा प्रकार असलेल्या ज्या वृद्धांना तो असल्याचे माहीत होते, त्यांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत, तोच प्रकार असूनही ठाऊक नसलेल्यांपेक्षा कमी गुण मिळवले. नैराश्य आले नाही एवढ्याने माहिती निरुपद्रवी ठरत नाही. वर्गात ‘तू ढ आहेस’ असे सांगितलेल्या मुलाचे काय होते, हे मी तीस वर्षे पाहिले आहे.

प्रतिसाद : फिजिशियन, कुडाळ

तंत्रज्ञ मित्राने दिलेला ९१ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तो कोणत्या लोकांचा आहे हे विसरून चालणार नाही. समजा, एखादी चाचणी आजारी आणि निरोगी अशा दोघांच्याही बाबतीत ९० टक्के बरोबर येते. विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या शंभरांपैकी पन्नास जणांना खरोखर आजार असेल, तर ती पंचेचाळीस खरे रुग्ण दाखवील आणि पाच जणांवर चुकीचा शिक्का मारील. हीच चाचणी गावातल्या शंभर निरोगी माणसांची केली आणि त्यांतल्या पाचांतच आजाराची सुरुवात झालेली असेल, तर चार-पाच खरे सापडतील आणि नऊ-दहा जण विनाकारण धास्तावतील. चाचणी तीच राहते, पण माणसे बदलली की तिच्या उत्तराचा अर्थ बदलतो. मे २०२५ ची ती मान्यतादेखील लक्षणे असलेल्यांपुरतीच आहे. शिवाय मूत्रपिंडाचा जुनाट विकार असेल तर पी-टाऊ आणि न्यूरोफिलामेंट ही दोन्ही प्रथिने रक्तात वाढलेली दिसतात. मधुमेह व रक्तदाबामुळे मूत्रपिंडे थकलेले किती रुग्ण माझ्या बाकावर रोज बसलेले असतात, हे मी जाणतो. त्यांचा आकडा स्वीडनच्या पट्टीने मोजता येणार नाही.

जनुकाबाबतही तीच सावधगिरी हवी. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एकत्रितपणे झालेल्या अभ्यासात बल्लभगडमध्ये चौथा प्रकार कमी आढळला, पण ज्यांच्यात होता त्यांच्यात आजाराशी असलेला संबंध साधारण तेवढाच होता. नायजेरियातील इबादानमध्ये मात्र हा संबंध फारच दुबळा निघाला. त्यामुळे ‘आठ ते बारा पट’ हा आकडा कोकणातल्या माणसाला जसाच्या तसा सांगणे मला जड जाते.

या साऱ्या चर्चेत मला एक खंत वाटते. एचबीए१सी हीसुद्धा रेणवीय खूणच आहे. तीन महिन्यांची साखर ती सांगते, ती तालुक्याच्या गावी होते आणि तिच्या उत्तरावर उपाय आहे. तरीही पन्नाशीनंतर ती न केलेले लोक ‘मेंदूचे जैविक वय’ विचारत येतात. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली डीएनएवरील ३५३ ठिकाणांच्या मिथाइल या रासायनिक खुणांवरून वय काढण्याची रीत मांडली. ते संशोधन म्हणून मौलिक आहे, पण त्या आकड्यावरून मी कोणत्याही रुग्णाचे एकही औषध बदलू शकत नाही. रक्तदाबाच्या आकड्यावरून बदलू शकतो. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट घेतलेल्यांमध्ये सौम्य बोधनऱ्हास (स्मरण व विचारशक्तीची स्मृतिभ्रंशाहून सौम्य घट) १९ टक्क्यांनी कमी आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ सालच्या आयोगानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोग्या किंवा लांबवता येण्याजोग्या चौदा कारणांशी जोडलेला आहे आणि त्यांत कमी झालेले ऐकू येणे व वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. कानाचे यंत्र लावायला लाजणारा माणूस थुंकीचा नमुना मात्र उत्साहाने देतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

एका बाबतीत मात्र मी बाईंच्या विरोधात आहे. लेकॅनेमॅबसारखे अल्झायमरवरचे नवे औषध द्यायचे ठरले, तर एपीओई तपासणी टाळणे धोक्याचे आहे. अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावणाऱ्या या औषधाने चौथ्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याचे दिसले होते. तेथे जनुकाचा प्रश्न भविष्याचा नसून आजच्या उपचाराचा असतो.

धागाकर्तीचे उत्तर

डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि तंत्रज्ञांनी दाखवलेली चूकही. मी जनुक आणि प्रथिन एकाच तराजूत घातले होते. माझे मत आता असे आहे : लक्षणे असलेल्याची रक्तचाचणी जरूर व्हावी, निरोगी माणसाची जनुकतपासणी नको. माझे थोरले बंधू सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि यंदा आरती म्हणताना, जी त्यांनी लहानपणापासून म्हटली आहे, ते दोनदा मध्येच थांबले. त्यांची तपासणी कोठून सुरू करावी?

प्रतिसाद : फिजिशियन, कुडाळ

बी-१२, थायरॉइड, साखर, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन, रक्तदाब आणि कान यांपासून सुरू करा. हे सारे चिपळुणातच होईल. बी-१२ ची कमतरता किंवा मंदावलेले थायरॉइड निघाले, तर उपचाराने सुधारणा होऊ शकते. त्यानंतर स्मरणशक्तीची लेखी चाचणी, आणि तीत उणीव दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पी-टाऊ. संचाची त्यात कोठेही गरज नाही.

प्रतिसाद : आंबा बागायतदार, देवगड

सगळे वाचले आणि डॉक्टरांचे गणित समजले, तरी मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. बाईंचा एक मुद्दा मात्र मनाला लागला, की अहवाल एकट्याचा नसतो. म्हणून काल मी बहिणीला फोन केला. तिने स्पष्ट सांगितले की, तिला स्वतःबद्दल काहीही जाणून घ्यायचे नाही आणि माझ्या निकालाचा उल्लेखही तिच्यासमोर होऊ नये. मी समुपदेशकाची वेळ घेऊन तपासणी करणार आहे. निकाल काहीही आला, तरी तो तिला सांगणार नाही, आणि बागेचे कागद मात्र या हंगामाआधी आम्ही दोघे मिळून करणार आहोत.